गाडी बाहेर लावा

घरात माझी खुर्ची ही खुर्ची असते. उंबऱ्याच्या बाहेर पडली की तिची गाडी होते. परभणीत व्हीलचेअर असा लांबलचक शब्द कुणी बोलत बसत नाही. "ताई, गाडी जरा बाजूला घ्या." "गाडीत हवा कमी हाय बगा." कुणी जास्तच लाडात आला तर, "ताई, गाडी ॲव्हरेज काय देती?" मी पण सांगते, एका चहात स्टेशन ते मोंढा. मला या शब्दाचा कधी राग नव्हता. माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, दुकानापुढं दिवसभर मोटारसायकलींची रांग असते, त्यात आपली एक. गाडी तर गाडी, असं म्हणत मी चाळिशी ओलांडली.

मग एके दिवशी मी नाटक बघायला गेले.

दुपारचा प्रयोग होता. हातात पास, अंगावर ठेवणीतली साडी, केसात गजरा, अगदी सजून निघाले होते. आमच्या हॉलच्या दारात तीन पायऱ्या आहेत, पण कडेला सिमेंटचा एक अरुंद उतार आहे. तो तिथल्या वॉचमनमामांनी स्वतःची मोटारसायकल सावलीला चढवायला करून घेतलेला. मी त्यावरून सरळ वर गेले. दारात मामा उभे होते. गळ्यात शिट्टी, अंगात खाकी सदरा, खाली घरचा पायजमा. त्यांनी शिट्टी फुंकली आणि म्हणाले, "ताई, गाडी बाहेर लावा. आत माणसं जायलेत."

आणि माझ्या हातात पार्किंगचा पत्र्याचा बिल्ला ठेवला. सतरा नंबर.

"मामा, मग मी काय करू?"

"तुमी आत जा की."

"कशी?"

मामा विचारात पडले. थट्टा करत नव्हते हो, खरंच विचार करत होते. त्यांच्या लेखी गाडी वेगळी आणि मी वेगळी. गाडी बाहेर राहील आणि ताई आत जातील, इतकं ते सरळ होतं, फक्त मधला जोड त्यांना सापडत नव्हता. शेवटी म्हणाले, "कुणाला तरी म्हणा, उचलून ठेवतील."

माझे तळपाय जमिनीला कधी लागत नाहीत, पण तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दारात कळलं. मी मागे फिरले. घरी येऊन बघते तर बिल्ला अजून मुठीतच होता. इतका घट्ट धरला होता की तळहातावर सतरा उमटले होते.

त्या 'उचलून'चं जरा सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईला एवढं लागायला काय झालं.

मी दोन वर्षांची असताना बोरीला आमच्या घरात ताप आला आणि जाताना माझे पाय घेऊन गेला. तेव्हापासून मला उचलतात. मायने उचललं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तिचा तो हक्कच होता. पण पुढं सगळ्या गावाला तो हक्क मिळाला. एसटीत चढायचं, उचला. शाळेचा वर्ग वर गेला, उचला. मी अपंग आहे याचा दाखला घ्यायचा तर तो दाखला देणारा साहेब दुसऱ्या मजल्यावर, मग उचला. विचारायचं कुणी नाही. मागनं दोन हात काखेत येतात आणि जमीन खाली जाते.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला दरवर्षी काम मिळायचं. हौस म्हणून नव्हे. बसून राहायची कामं दुसऱ्या कुणालाच नको असायची. मी देवी झाले, भारतमाता झाले, दोनदा राजा झाले, एकदा तर विठ्ठलाचा रथ ओढतात त्या नाटकात नुसती रथात बसले. बाईंच्या मते मी गुणी मुलगी होते कारण मी हलायची नाही. सिंहासनासकट उचलून मला स्टेजवर ठेवायचे. पडदा पडला की सगळी पोरं भेळ खायला पळायची आणि मी पुठ्ठ्याचा मुकुट घालून अंधारात बसलेली. एकदा अर्धा तास बसले होते. शेवटी शिपाई झाडू घेऊन आला आणि मला बघून "अगं माय!" म्हणून किंचाळला. त्याला खरंच देवी वाटली असणार.

हे मी हसत सांगते. पुढचं हसत सांगता येत नाही. एकोणीस वर्षांची होते. नात्यातल्या लग्नात नवरानवरीबरोबर फोटो काढायला मला स्टेजवर उचललं. चौघं होते. त्यातला एक हात जिथं असायला नको तिथं होता, आणि चुकून नव्हता. खाली वऱ्हाड हसतंय, बँड वाजतोय, फोटोवाला म्हणतोय इकडं बघा. मी बघितलं. तो फोटो अजून कुणाच्या तरी अल्बमात असेल. त्यानंतर मी ठरवलं की जिथं चाक जाईल तिथं मी जाईन, आणि जिथं जाणार नाही तिथं परभणीतला कुणी मायचा लाल मला नेणार नाही. मायला सुद्धा कारण सांगितलं नाही. तिला वाटलं पोरगी शिष्ट झाली.

तेव्हापासून मी या शहरातल्या उतारांची जाणकार झाले. विचारा मला. परभणीत प्रत्येक घराला उतार आहे. ओट्याला चार पायऱ्या आणि पायऱ्यांच्या मधोमध किंवा कडेला सिमेंटची पट्टी, कशासाठी, तर मोटारसायकल रात्री घरात घ्यायला. गरीब असो श्रीमंत असो, गाडी उघड्यावर ठेवायची नाही. कुणाचं घर कुठल्या अंगानं चढायचं हे मला त्यांच्या गाडीच्या टायरांच्या खुणांवरून कळतं. सरकारी कचेऱ्यांत खास आमच्यासाठी उतार बांधलेत, कठडा बिठडा लावून, त्यावर मात्र झाडांच्या कुंड्या मांडलेल्या असतात. म्हणजे गाडीसाठी केलेल्या उतारावरून माणूस जातो आणि माणसासाठी केलेल्या उतारावर शेवंती.

बिल्ला घेऊन घरी आले त्या रात्री झोप लागली नाही वगैरे काही नाही. चांगली झोपले. सकाळी उठले आणि दुकानात जायच्या आधी आमच्या सरांना फोन लावला.

सर म्हणजे राणीसावरगावचे, शाळेतनं निवृत्त झालेले, आणि नाटकाचं भयंकर वेड. दरवर्षी हौशी स्पर्धेला एक एकांकिका बसवणार, दरवर्षी पडणार, दरवर्षी परीक्षकांना शिव्या घालणार. त्यांचे निवृत्तीचे फॉर्म मी भरून दिले होते तेव्हापासूनची ओळख. मी म्हणलं, "सर, मला गाडी म्हणलेत ना, मग मला गाडीचे सगळे हक्क पायजेत. आरटीओत पासिंग पायजे, नंबर प्लेट पायजे, सावलीत पार्किंग पायजे आणि दर घराला उतार पायजे. ह्याचं नाटक होतंय का?"

सर म्हणाले, "होतंय का म्हणजे? झालं समज!"

तीन महिने तालमी केल्या. माझ्या दुकानात, रविवारी, शटर अर्धं खाली ओढून. नाटकात माणसं दोनच. एक मी, आणि दुसरी माझी चुडाव्याची मैत्रीण. ती दर रविवारी पॅसेंजरनं यायची, डब्यात धपाटे घेऊन. मी सोडून सगळी परभणी तीच करायची. वॉचमन ती, आरटीओचा साहेब ती, नगरसेवक ती, लग्नातली मावशी ती. तिचा आवाज असा की चुडाव्याच्या फलाटावर बोलली तर पूर्णेला गाडी थांबावी. आणि तिसरं पात्र म्हणजे सरांची जुनी मोटारसायकल. ती स्टेजवर माझ्या शेजारी स्टँडवर उभी राहणार, आम्ही दोघी पासिंगच्या रांगेत. माझ्या खुर्चीच्या मागं सरांनी पिवळ्या रंगात नंबर प्लेट रंगवून दिली. वर 'एमएच २२', खाली नंबराच्या जागी 'माणूस'. बिल्ला मी लाल दोऱ्यानं खुर्चीच्या हाताला बांधला, तो त्या दिवसापासून तिथंच.

भांडण झालं ते शेवटावरून. सरांनी शेवट लिहून आणला. संगीत वाढतंय, प्रकाश तिच्यावर येतो, आणि जिद्दीच्या बळावर ती खुर्चीतून उठते, एक पाऊल टाकते. पडदा. वाचताना सरांनीच दोनदा नाक पुसलं.

"सर, मी उठत न्हाई."

"अगं, प्रतीकात्मक आहे ते."

"प्रतीकात्मक पण उठत न्हाई. एकोणचाळीस वर्षांत उठले न्हाई, तुमच्या शेवटच्या दोन मिनिटांत कशी उठू?"

मैत्रीण हसून हसून खाली बसली. सर फुगले. दोन रविवार आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले, पिशवीतनं कागद काढला आणि म्हणाले, "ठीक आहे. मग शेवटी ती काय करते ते तूच सांग." मी सांगितलं, ती स्टेजच्या बरोबर मधोमध येते, दोन्ही ब्रेक लावते आणि म्हणते, मी इथून हलणार नाही. उतार बांधा, मग पुढचं नाटक. सरांनी लिहून घेतलं. "याला शेवट म्हणतात होय," असं पुटपुटले, पण लिहून घेतलं.

स्पर्धा त्याच हॉलमध्ये होती. आमचा प्रयोग दुपारी दोनचा. मी बाराला पोचले. मामा दारात होतेच, पण आज माझ्याकडं कलाकाराचा पास होता, त्यामुळे त्यांनी शिट्टी नुसती तोंडात धरली, फुंकली नाही. मी आत जाऊन स्टेजकडं बघितलं. स्टेज माझ्या डोक्याच्या वर. दोन्ही बाजूंनी सात सात पायऱ्या.

मला काय वाटलं होतं, कुणास ठाऊक. आजपर्यंत त्या हॉलचा आतला भाग मी पाहिलेलाच नव्हता, दारातूनच परत आले होते ना. सर म्हणाले होते, "स्टेजचं मी बघतो." मी विश्वास ठेवला.

"सर, हे कसं?"

"काळजी करू नको. सोय केलीय मी." सर खुशीत होते. "जिममधली चौघं सांगून ठेवलीत. अलगद उचलतील."

म्हणजे यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तीन महिने मी ज्या माणसासमोर 'मला उचलू नका' या विषयाचं नाटक करत होते, त्यानं नाटकाच्या दिवशी मला उचलायला चार माणसं सांगितली होती! मला रडू येईना आणि हसू येईना.

"मी उचलून घेणार न्हाई."

"अगं, एक मिनिटाचा प्रश्न आहे."

"एका सेकंदाचा असला तरी न्हाई."

सरांचा आवाज चढला. "नियम माहीत आहे ना? तिसऱ्या घंटेला पडदा उघडला नाही तर संघ बाद. ही पोरगी तीन महिने रेल्वेनं आलीय. मी या वयात रंगाचे डबे घेऊन फिरलोय. तुझ्या अकडीपायी सगळं घालवायचं का?"

अकड! त्यांचं खोटं नव्हतं, ते माझ्या जिव्हारी लागलं ते त्यामुळंच. मैत्रीण बाजूला उभी होती, वॉचमनची टोपी हातात घेऊन. तिनं 'जाऊ दे गं, एकदाच' असं म्हणलं असतं तर मी कदाचित ऐकलं असतं, आणि आयुष्यभर तिचं तोंड बघितलं नसतं. मग बावीस वर्षं जे मायला सांगितलं नाही ते मी सरांना सांगितलं. एका वाक्यात. लग्नातलं स्टेज, चार माणसं, एक हात.

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "मला आधी का नाही सांगितलंस," असं म्हणाले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. फक्त म्हणाले, "चौघांना परत पाठवतो. प्रयोग रद्द झाला तर झाला."

पण मला प्रयोग रद्द करायचा नव्हता. ते तर त्या सात पायऱ्यांना बरं वाटलं असतं. मी खुर्ची वळवली आणि हॉलच्या बाहेर पडून इमारतीला चक्कर मारायला निघाले. उतार शोधणं हा माझा धंदाच आहे. डावीकडं नाली, पुढं जनरेटर, त्याच्या मागं कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली मागचं मोठं दार. मागची जमीन भराव घालून चढवलेली, तरी दाराचा उंबरा चांगला माझ्या छातीइतका वर. समोर छोटा हत्ती टेम्पो उभा, आमच्याच सामानाचा. ड्रायव्हर सावलीत तंबाखू मळत होता. आणि उघड्या दारातून आत, स्टेजवर, दिव्याखाली, स्टँडवर ऐटीत उभी होती सरांची मोटारसायकल.

माझ्याच नाटकातली मोटारसायकल माझ्याआधी रंगमंचावर पोचली होती! आणि तीन महिन्यांत हे तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा नाही. गाडीच्या हक्कांवर नाटक करणारी मी.

"भाऊ, ही वर कशी गेली?"

"कशी म्हणजे? घराकडं फळी लावून टेम्पोत घेतली. इथं टेम्पो रिव्हर्स मारला, मागचा फाळका पाडला की चौकटीला बरोबर बसतंय. ढकलली आत."

"मला घ्या."

तो तंबाखू मळायचा थांबला.

सर आले, मैत्रीण आली, आणि शिट्टी वाजवत मामा पण आले. "ताई, मागनं सामान जातंय. माणसं पुढनं."

"मामा, तुमीच म्हणला होता ना, ही गाडी हाय? मग गाडीच जायलीय. अडवा बघू."

नियम त्यांचाच होता. पण अडचण दुसरीच निघाली. मोटारसायकलीची चाकं एकामागे एक, तिला एक फळी पुरते. माझी चाकं शेजारी शेजारी. दुसरी फळी कुठून आणायची? दीड वाजून गेला होता. सगळे इकडंतिकडं बघायला लागले आणि माझी नजर मामांच्या केबिनवर गेली. केबिनपुढच्या नालीवर एक जाडजूड सागवानी फळी टाकलेली होती, मामांची गाडी पलीकडं न्यायला.

"ती माझी हाय," मामा म्हणाले.

"म्हाईत हाय. द्या."

"परत पायजे."

"देते की. फळी खाऊन काय करू?"

मामांनी स्वतः उपसून आणली, खालचा चिखल नालीतच झटकला. दोन फळ्या लावल्या. मी सगळ्यांना सांगितलं, हात लावायचा तर गाडीला लावा, मला नाही. मागून सर आणि मैत्रीण, पुढून ड्रायव्हर पाय ठेवायची पट्टी धरून. फळ्या मधेच अशा लवल्या की मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. सर मागनं धापा टाकत होते, मैत्रीण "हाँ, हाँ, अजून, अजून" करत होती. वर पोचले. ब्रेक लावले. ड्रायव्हरनं टेम्पो वळवला आणि रिव्हर्स टाकला, त्याचं ते टुणटुण वाजायला लागलं, आणि मैत्रीण अस्सल क्लीनरसारखी टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारत ओरडत होती, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या, येऊ द्या... बास!"

असं मी रंगमंचावर पाऊल ठेवलं. म्हणजे चाक ठेवलं. तेसुद्धा उलटं, पाठमोरी, टेम्पोतून. माझ्या अंगाला कुणाचं बोटसुद्धा लागलं नव्हतं. मी मोटारसायकलीच्या शेजारी जाऊन थांबले आणि आतल्या अंधारात ढसाढसा रडले, दोन मिनिटं, मोजून. मैत्रिणीनं माझं काजळ पुसून परत घातलं. सरांनी नारळ फोडला. पहिली घंटा झाली.

प्रयोगाचं काय सांगू? सुरुवातीला हॉल गप्प होता. लोकांनी आधीच 'अरेरे'चा चेहरा करून ठेवला होता, हातरुमाल काढून बसले होते. मैत्रीण खाकी सदरा, गळ्यात शिट्टी आणि खाली पायजमा घालून आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, गाडी बाहेर लावा. आत माणसं जायलेत." आणि हॉल फुटला. अख्खी परभणी त्या माणसाला ओळखत होती. मी पासिंगला गेले, साहेबानं माझा हॉर्न तपासला, मी त्याला मायकडनं शिकलेली एक शिवी हॉर्न म्हणून ऐकवली. टाळ्या पडल्या. मग मला चढ सापडला, आणि मी थांबलेच नाही. शेवटी मधोमध आले, ब्रेक लावले, वाक्य बोलले. पडदा पडला. लहानपणी पडदा पडल्यावर मला स्टेजवर विसरून जायचे. या वेळी विसरायची कुणाची हिंमत नव्हती, पुढच्या संघाला त्यांचं कपाट लावायचं होतं आणि मी ब्रेक काढत नव्हते.

उतरले ते त्याच टेम्पोतनं. खाली मामा उभे होते. तोंड उतरलेलं.

"ताई, तुमी माझी नक्कल केली."

"केली."

"समदे माझ्याकडं बगून हसायलेत."

"मला तुमी दारातनं परत पाठवलं तेव्हा मला कसं वाटलं असेल?"

त्यांनी शिट्टी सदऱ्याला पुसली. "मी काय वाईट मनानं न्हवतो म्हणलो."

"म्हाईत हाय, मामा. वाईट मनानं म्हणला असता तर मी तुमाला नाटकात घेतलंच नसतं, तिथंच भांडले असते."

त्यांना हे पटलं की नाही, मला कळलं नाही. त्यांनी फळी उचलली, खांद्यावर घेतली आणि नालीकडं गेले.

दुसऱ्या दिवशी अकराला बक्षीस समारंभ होता. नाटकाला काही मिळालं नाही, सरांनी परीक्षकांना ठरल्याप्रमाणे शिव्या घातल्या. मला मात्र अभिनयाचं दुसरं बक्षीस जाहीर झालं. टाळ्या वाजल्या. आणि टाळ्या संपायच्या आत माझ्या दोन्ही बाजूंना चार माणसं येऊन उभी राहिली, बाह्या सरसावून.

"हात लावू नका," मी म्हणलं.

संयोजक माइक हातात घेऊनच खाली आले. "ताई, मग असं करू, पाहुणेच खाली येतील. तुम्ही बसा निवांत." वर खुर्चीत प्रमुख पाहुणे अर्धवट उठलेसुद्धा, चेहऱ्यावर मोठेपणा आणून.

"पहिलं बक्षीस कुठं दिलं?"

"स्टेजवर."

"तिसरं?"

"स्टेजवर, पण ताई..."

"मग दुसरं खाली कसं? टेम्पो बोलवा. मी मागच्या दारानं येते."

माइक चालूच होता, त्यामुळं हे अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. संयोजक घड्याळ बघायला लागले. पाहुण्यांना पुढं कार्यक्रम होता म्हणे. प्रमाणपत्र घरी पोचवतो म्हणाले. मला सगळं कळत होतं, दोनशे माणसं माझ्याकडं बघत होती, त्यातल्या निम्म्यांच्या मनात 'एवढी काय अकड' हेच होतं, आणि माझे कान लाल झाले होते. पण मी एकोणचाळीस वर्षं खाली थांबले होते. पाहुण्यांना वर वीस मिनिटं थांबायला काय धाड भरली होती?

"मला थांबायची सवय आहे," मी म्हणलं. "तुमी पण बसा."

सर कोपऱ्यातनं उठले, ड्रायव्हरला फोन लावत बाहेर गेले. मी त्यांच्या मागं निघाले. टेम्पो आला, पण कडुनिंबाच्या अलीकडंच अडकला. कारण मागच्या दाराला अगदी चिकटून, गार सावलीत, पाहुण्यांची पांढरीशुभ्र मोटार उभी होती. आत एसी लावून चालक डुलक्या घेत होता. सरांनी काच वाजवली. काच बोटभर खाली आली.

"साहेबांची गाडी आहे," आतून आवाज आला. काच वर गेली.

तेवढ्यात मागनं शिट्टी वाजली. मामा येत होते. एका खांद्यावर सागवानी फळी. ती त्यांनी मोटारीच्या बाजूला भिंतीला टेकवली, शिट्टी तोंडातनं काढली आणि काचेवर तीनदा टकटक केलं. काच पूर्ण खाली येईपर्यंत थांबले.

"भाऊ, गाडी बाहेर लावा," मामा म्हणाले. "आत माणूस जायलाय."

मी खुर्चीच्या हाताचा लाल दोरा सोडला आणि चाकं फिरवत काचेपाशी गेले.

"हा घ्या बिल्ला," मी चालकाला म्हणलं. "सतरा नंबर. हरवू नका, मामा ओरडतात."